अपग्रेडनंतर वायफाय परत परत गायब होतंय? कार्ड बदलायच्या आधी एरर उणे दोन बघा

"ताई, तीन लॅपटॉपवर परत वायफायच दिसत नाहीये." हा फोन मला दोन-अडीच वर्षांत इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला नुसतं हे वाचायला दिलं तरी काम होईल.

आमची ठाणे पूर्वेला कोपरीत एक अभ्यासिका आहे. १४ लॅपटॉप, सगळे जुने, महापे-ऐरोलीकडच्या कंपन्यांनी नवीन घेतल्यावर काढून टाकलेले, कुणीतरी ओळखीने मिळवून दिलेले. सगळ्यांवर डेबियन (लिनक्सवर आधारलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंय कारण विंडोजचं लायसन्स परवडत नाही आणि या मशीनवर डेबियन चांगलं पळतं. मुलं एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी अशा परीक्षांचे फॉर्म इथूनच भरतात, हॉल तिकीट इथूनच काढतात. फॉर्मची शेवटची तारीख आणि नेट गायब, असं दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मुलांचे चेहरे बघवत नव्हते, म्हणून हे प्रकरण मी जरा मनावर घेतलं.

एक सूचना आधीच. कमांड आणि पॅकेजची (म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नावं मी मराठीत उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायची. मी फोनवर सांगते तसंच समजा.

लक्षण काय? वायफायचं चिन्हच नाही. म्हणजे पासवर्ड चुकलाय, नेट स्लो आहे, सारखं तुटतंय असलं काही नाही, नेटवर्कची यादीच येत नाही, सेटिंगमध्ये वायफाय नावाचा पर्यायच उरत नाही. त्याच खोलीत फोन मात्र त्याच राउटरला व्यवस्थित जोडलेले असतात. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे शनिवारी अपग्रेड केलं तेव्हा सगळं चालत होतं, रविवारीही चाललं, सोमवारी लाइट गेली, बॅटऱ्या तशाही मेलेल्याच आहेत, लॅपटॉप बंद पडले आणि परत चालू केल्यावर वायफाय नाही. मग सगळे म्हणणार लाइटच्या झटक्याने कार्ड उडालं. आम्हीही पहिल्यांदा तेच धरून चाललो. जवळच्या एका रिपेअरवाल्याकडे नेला तर त्यानेही कार्ड गेलंय म्हणून सांगितलं, साडेसहाशे रुपये घेऊन दुसरं कार्ड बसवलं आणि त्या दुसऱ्या कार्डावरही तोच एरर! दुसरा कुणी म्हणाला बायोस अपडेट करा, तिसरा म्हणाला फॉरमॅट मारा. यातलं काहीच करू नका, आधी हे बघा.

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि एलएसपीसीआय टाका. त्यात नेटवर्क कंट्रोलर म्हणून वायफाय कार्डाचं नाव दिसलं तर कार्ड जिवंत आहे, मशीनला ते दिसतंय. नंतर सुडो डीमेसेज, पाइप (ती उभी रेघ), ग्रेप फर्मवेअर. बहुतेक इंटेल कार्डांवर "फेल्ड टू लोड" किंवा "डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड" अशा अर्थाची ओळ येईल, बरोबर एका फाइलचं नाव, ज्याच्या शेवटी डॉट यूकोड असतं, आणि शेवटी उणे दोन हा आकडा. त्याच्याखाली "नो सुटेबल फर्मवेअर फाउंड" असं असेल तर रोग सापडला. उणे दोन म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) भाषेत "अशी फाइल किंवा फोल्डर नाही". कर्नलने स्लॅश लिब स्लॅश फर्मवेअर या फोल्डरमध्ये एक फाइल मागितली, ती तिथे नव्हती, एवढंच घडलंय.

आणि चिन्ह आहे पण नेटवर्क दिसत नाहीत, असं असेल तर आधी आरएफकिल लिस्ट टाकून बघा. हार्ड ब्लॉक येस असेल तर लॅपटॉपच्या कडेला असलेलं बटण बंद आहे, फर्मवेअरचा काही संबंध नाही. जुन्या ऑफिस लॅपटॉपवर ही बटणं असतातच आणि दप्तरात घालताना सरकतात.

आता ती फाइल गेली कुठे? इथे जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण हे कळलं नाही तर नुसती दुरुस्ती करत राहाल आणि पुढच्या अपग्रेडला परत तेच होईल.

बहुतेक वायफाय कार्डांत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर स्वतःचा एक प्रोग्राम चालतो, तो म्हणजे फर्मवेअर. पूर्वीच्या बऱ्याच कार्डांत हा प्रोग्राम कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा भरलेला असायचा. नंतर कंपन्यांनी ती चिप वाचवली, कार्डात नुसती रॅम ठेवली आणि मशीन चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिमने दर वेळी तो प्रोग्राम कार्डात ओतायचा अशी व्यवस्था केली. प्रोग्राम तोच, बंदिस्तही तितकाच, सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर) सहसा मिळत नाही. पण चिपमध्ये होता तोवर तो कार्डाचा भाग होता, फाइल झाल्यावर तो वाटायची जबाबदारी आली ऑपरेटिंग सिस्टिमवर. आणि जी ऑपरेटिंग सिस्टिम "आम्ही फक्त मुक्त, म्हणजे सोर्स मोकळा असलेलं, सॉफ्टवेअर देऊ" असं वचन देऊन उभी राहिलीय तिने ही सोर्स नसलेली फाइल द्यायची का नाही, हा सगळा वाद तिथे सुरू होतो. तुमच्या-आमच्या वायफायचा प्रॉब्लेम हा त्या वादाचं शेवटचं टोक आहे.

लाइट गेल्यावरच का बोंब होते ते पण यातच आलं. फर्मवेअर एकदा कार्डाच्या रॅममध्ये गेलं की डिस्कवरची फाइल उडाली तरी कार्ड चालत राहतं. मशीन बंद होऊन परत चालू झालं की मग कर्नल फाइल शोधायला जातो आणि मोकळ्या हाताने परत येतो. म्हणून चूक शनिवारी होते आणि दिसते सोमवारी.

आमच्याकडे नेमकं असं झालं होतं. हे लॅपटॉप आधी डेबियन ११ वर होते. त्या वेळी फर्मवेअरची पॅकेजं नॉन-फ्री नावाच्या कंपोनंटमध्ये असायची, म्हणजे रिपॉझिटरीच्या वेगळ्या कप्प्यात, आणि आमच्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये, म्हणजे कुठल्या कप्प्यांतून पॅकेजं घ्यायची त्या यादीत, मेन (पूर्ण मुक्त), कॉन्ट्रिब (मुक्त पण बंदिस्तावर अवलंबून), नॉन-फ्री (बंदिस्त) असे तिन्ही लिहिलेले होते. डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला, आणि त्यात फर्मवेअरसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा स्वतंत्र कप्पा केला आणि ही पॅकेजं नॉन-फ्रीमधून तिकडे हलवली. आम्ही अपग्रेड करताना यादीतला बुल्सआय हा ११ चा शब्द काढून १२ चा बुकवर्म टाकला, बाकी ओळ तशीच ठेवली. ॲप्ट अपडेट करताना ॲप्टने (पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने) एक छोटी नोटीस दिली होती की नॉन-फ्रीचं आता नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर असं झालंय. ती नोटीस एवढ्या ओळींच्या खाली होती की कुणीच वाचली नाही, आणि अपग्रेड तर व्यवस्थित पार पडलं.

मग फर्मवेअरचं पॅकेज मशीनवर राहिलं पण २०२१ सालचंच राहिलं, ॲप्टच्या दृष्टीने ते बेवारस झालं कारण आता कुठल्याच चालू कप्प्यात ते दिसत नाही. वायफाय तरी चालतं, कारण इंटेलचा ड्रायव्हर नवीन फाइलपासून सुरुवात करून एकेक आकडा खाली येत जुनी फाइल पण शोधतो. नंतर कुणीतरी डिस्क भरली म्हणून साफसफाई करतं. अपग्रेडनंतर कालबाह्य पॅकेजं काढायला सुडो ॲप्ट पर्ज टिल्डे-ओ ही कमांड वापरतात, ती कमांड चांगलीच आहे, पण आमच्या मशीनवर तिने बेवारस झालेलं फर्मवेअर पण उचललं आणि बाहेर काढलं. ज्याने केलं त्या मुलाला मी काही बोलले नाही. तो बरोबरच करत होता, यादी चुकीची होती आणि यादी आम्ही मोठ्यांनी लिहिलेली.

दुरुस्ती. नेट नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नाही आणि फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही, हे कोडं आधी सोडवायचं. लॅन केबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्याला कुठलं फर्मवेअर लागत नाही, दहा सेकंदात वायर्ड कनेक्शन म्हणून नेट येतं. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन दिसतच नाही, आमच्याकडे यातच एकदा अर्धा तास गेला. फोनवर वायफाय चालू ठेवलं तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा पण खर्च होत नाही.

मग सोर्सेस डॉट लिस्ट उघडा, स्लॅश ईटीसी स्लॅश ॲप्ट या फोल्डरमध्ये आहे. जिथे जिथे मेन लिहिलंय त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द लावा, मधल्या दोन्ही डॅशसकट, एकच शब्द म्हणून. सिक्युरिटीच्या ओळीला आणि अपडेट्सच्या ओळीला पण लावा, लोक फक्त पहिल्या ओळीला लावतात आणि मग सिक्युरिटीतून येणारे फर्मवेअर अपडेट मिळत नाहीत. नुसता नॉन-फ्री शब्द ठेवायचा का? एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर वगैरे लागत नसेल तर काढून टाका, मी सगळ्या १४ मशीनवरून काढला. मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि इंटेल कार्ड असेल तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय. रियलटेकला फर्मवेअर-रियलटेक, क्वालकॉम अथेरॉसच्या नव्या कार्डांना फर्मवेअर-अथेरॉस. कुठलं पॅकेज ते कळत नसेल तर ॲप्ट-फाइल नावाचं साधन टाका, ॲप्ट-फाइल अपडेट करा आणि एररमध्ये आलेलं फाइलचं नाव त्याला सर्चमध्ये द्या, ते पॅकेज सांगतं. फक्त लक्षात ठेवा, ॲप्ट-फाइल चालू असलेल्या कप्प्यांतच शोधतं. आधी सोर्सेस डॉट लिस्ट दुरुस्त न करता शोधलंत तर ते "काही नाही" म्हणेल आणि तुम्हाला वाटेल असं पॅकेजच अस्तित्वात नाही.

झालं की लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. रीस्टार्ट नको, पूर्ण बंद. कारण पुढे सांगते.

आता हे परत परत का व्हायचं? पहिल्या दोन वेळा मी वरची दुरुस्ती बिघडलेल्या मशीनपुरती केली आणि निघून आले. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की आम्ही एका पेनड्राइव्हवर तयार मशीनची क्लोन इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) ठेवलीय, नवीन लॅपटॉप आला की तीच टाकतो, आणि त्या इमेजमधली यादी जुनीच आहे. म्हणजे प्रत्येक नवीन लॅपटॉप हा रोग घेऊनच जन्माला येत होता. तुमच्याकडे शाळेत, क्लासमध्ये, ऑफिसात अशी मास्टर इमेज असेल तर आधी ती दुरुस्त करा. आणि पर्ज टिल्डे-ओ करायच्या आधी ॲप्ट लिस्ट टिल्डे-ओ करून यादी वाचा, त्यात फर्मवेअरने सुरू होणारं किंवा मायक्रोकोडने संपणारं एकही नाव दिसलं तर तिथेच थांबा. ताज्या पेनड्राइव्हवरून डेबियन १२ किंवा १३ नव्याने टाकलं तर हा त्रास सहसा होत नाही, इन्स्टॉलर कार्ड ओळखतो, फर्मवेअर टाकतो आणि कप्पा पण आपणहून यादीत घालतो. त्रास आहे तो वर्षानुवर्षं अपग्रेड करत आलेल्या मशीनना. अभ्यासिका, शाळा, संस्था यांच्याकडे नेमकी तीच असतात.

हा कप्पा वेगळा का केला, यावर मला थोडं लिहायचंय. मला लोक म्हणतात की या डेबियनवाल्यांना कसली खुमखुमी आहे, सरळ सगळं एकत्र का देत नाहीत. तसं नाहीये हो.

डेबियनचा सोशल कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांचं लेखी वचनपत्र, १९९७ चा आहे, त्यात पहिलंच वचन आहे की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. फर्मवेअरवर त्यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं झालीयेत, २००४, २००६, २००८ ला त्यावरून मतदान झालंय, कारण तेव्हा कर्नलच्या आतच सोर्स नसलेले फर्मवेअरचे तुकडे होते आणि दर वेळी प्रश्न यायचा की रिलीज थांबवायचा का या एका गोष्टीसाठी. शेवटी २०११ च्या फेब्रुवारीत डेबियन ६.० आलं त्यात कर्नलमधून ते तुकडे बाहेर काढले. तत्त्वाला धरून झालं, पण त्यानंतर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर नाही, आणि फर्मवेअर असलेल्या इमेज (पेनड्राइव्हवर टाकायच्या इन्स्टॉलरच्या फाइल) अनधिकृत म्हणून बाजूला ठेवलेल्या, शोधून सापडायच्या नाहीत. आम्ही ११ टाकलं तेव्हा त्याच अनधिकृत इमेजवरून टाकलं होतं. नवशिका माणूस अधिकृत इमेज घ्यायचा, वायफाय चालायचं नाही, आणि तो लिनक्सच सोडून द्यायचा.

२०२२ च्या एप्रिलमध्ये डेबियनच्या इमेज बनवणाऱ्या टीममधल्या स्टीव्ह मॅकइंटायर यांनी हा विषय परत काढला. त्यातला एक मुद्दा मला फार पटला. नवीन लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागतं, आणि अंध माणूस इन्स्टॉल करतो ते मशीनने बोलून दाखवलेल्या सूचना ऐकत. फर्मवेअर नाही तर आवाज नाही, आवाज नाही तर त्याला दुसऱ्याच्या मदतीशिवाय इन्स्टॉलच करता येत नाही. म्हणजे स्वातंत्र्यासाठी ठेवलेला नियम एका माणसाला परावलंबी करतोय. नंतर मतदान झालं, १ ऑक्टोबर २०२२ ला निकाल लागला, सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये एक वाक्य वाढवलं की हार्डवेअर चालायला लागणारं फर्मवेअर, जे एरवी डेबियनचा भाग नाही, ते अधिकृत इमेजमध्ये देता येईल. आणि इमेज एकच ठेवायची ठरली.

पण त्यांनी ते मेनमध्ये मिसळलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वेगळा कप्पा, नावातच नॉन-फ्री. त्याआधी वायफाय पाहिजे म्हणून नॉन-फ्री चालू करायचं तर त्याच्याबरोबर बाकी सगळ्या बंदिस्त सॉफ्टवेअरलाही दार उघडायचं. आता कार्डाला लागतं तेवढंच घ्यायचं, मुख्य प्रोसेसरवर चालणारं सगळं मुक्तच ठेवायचं, असं करता येतं. आणि ज्याला तेही नकोय त्याने इन्स्टॉलरच्या बूट ओळीत फर्मवेअर बरोबर नेव्हर असं लिहायचं, इन्स्टॉलर एकही फाइल टाकत नाही. आमच्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवते, की बघा, तुमच्या मशीनमध्ये ही एवढी पॅकेजं अशी आहेत की जी आत काय करतात ते कुणालाच वाचता येत नाही. मेनमध्ये मिसळली असती तर हे दाखवताच आलं नसतं.

एक काळजीची गोष्ट यात लपलीय. वायफाय गेलं की ओरड होते, पण इंटेल-मायक्रोकोड आणि एएमडी६४-मायक्रोकोड ही पॅकेजं पण याच कप्प्यात गेलीत. ती प्रोसेसरमधल्या चुका आणि सुरक्षेची भोकं बुजवतात, जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली भोकं बाहेर आली तेव्हा स्पेक्टरच्या उपायांना मायक्रोकोडचे अपडेट लागले होते. कप्पा यादीत नसेल तर हे अपडेट गुपचूप बंद होतात, कुठलाही एरर येत नाही. आमच्या १४ पैकी ५ लॅपटॉपवर वायफाय मस्त चालत होतं, कारण त्यांची अथेरॉसची जुनी कार्डं आहेत ज्यांना फर्मवेअरची फाइल लागतच नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. मायक्रोकोड त्या पाचांवरही जुनाच निघाला. तेव्हा वायफाय चालतंय म्हणून यादी तपासायची सोडू नका.

आता काही फसवे एरर. इंटेलच्या कार्डावर आयडब्ल्यूएल-डीबग-योयो नावाच्या फाइलचा उणे दोन येतो, तो निरुपद्रवी आहे, सोडून द्या. मोठ्या आकड्याच्या यूकोड फाइल फेल झाल्या आणि खाली "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" अशी ओळ असेल तरी काही बिघडलेलं नाही, खाली उतरत एक फाइल सापडलीय. आणि कर्नल अपडेटच्या वेळी "पॉसिबल मिसिंग फर्मवेअर" अशा दहा-वीस ओळी येतात, विशेषतः रियलटेकच्या लॅन ड्रायव्हरसाठी. ती नुसती शक्यता सांगतात, त्यातल्या बऱ्याच चिपा तुमच्या मशीनमध्ये नसतातच.

ब्लूटूथचा एक वेगळा प्रकार आहे जो नवी मुंबईहून येणाऱ्या एका मुलाच्या लॅपटॉपवर बघितला. त्याच्याकडे विंडोज आणि डेबियन दोन्ही, आणि तक्रार अशी की ब्लूटूथ कधी चालतं कधी नाही. आठवडाभर त्याने नोंद ठेवली, मग कळलं की विंडोजमधून रीस्टार्ट करून डेबियनमध्ये आला की चालतं, रात्री बंद करून सकाळी थेट डेबियन लावलं की नाही. विंडोजने चिपमध्ये भरलेलं फर्मवेअर रीस्टार्टमध्ये टिकून राहतं, वीज तुटली की जातं. म्हणजे डेबियनकडे फाइल नव्हतीच, विंडोजच्या जिवावर चाललं होतं. म्हणून वर म्हटलं, तपासताना पूर्ण बंद करून चालू करा.

ब्रॉडकॉमची जुनी कार्डं, बी४३ ड्रायव्हरवाली, यांना नॉन-फ्री-फर्मवेअर लावूनही काही होत नाही. कारण त्यांचं फर्मवेअर वाटायची परवानगीच कंपनीने दिलेली नाही, त्यामुळे ते डेबियनमध्ये नाही, फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्येही नाही. डेबियनच्या कॉन्ट्रिब कप्प्यात फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर आहे, ते नेटवरून कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणजे कॉन्ट्रिब चालू पाहिजे आणि इन्स्टॉल करताना नेट पाहिजे, पेनड्राइव्हवर नुसतं ते पॅकेज नेऊन उपयोग नाही.

ज्यांनी ट्रिस्केल किंवा तसं पूर्ण मुक्त डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) टाकलंय त्यांच्यासाठी. तिथे डीमेसेजमध्ये "मिसिंग फ्री फर्मवेअर" असं येतं, आणि फाइलच्या नावाच्या जागी "डीब्लॉब्ड" असा शब्द दिसतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नियमांप्रमाणे अशा डिस्ट्रोत बंदिस्त फर्मवेअर द्यायचंही नाही आणि वापरायला सुचवायचंही नाही, म्हणून त्यांचा लिनक्स-लिब्रे कर्नल ती नावंच काढून टाकतो. फोल्डरमध्ये हाताने फाइल टाकलीत तरी तो मागणारच नाही, त्यात वेळ घालवू नका. तिथे उपाय हार्डवेअरचा. ॲथ९के ड्रायव्हरवर चालणारं पीसीआय कार्ड घ्या, त्याला फाइल लागत नाही. नाहीतर एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय कार्ड), त्याच्या फर्मवेअरचा सोर्स २०१३ मध्ये मोकळा झाला, त्यामुळे ते ट्रिस्केलमध्येही आहे आणि डेबियनच्या मेनमध्येही आहे, फर्मवेअर-ॲथ९के-एचटीसी नावाने. हा डोंगल घेताना मॉडेल नंबरवर विसंबू नका, व्हर्जन बघा. मी लॅमिंग्टन रोडवरून दोन आणले, खोक्यावर मॉडेल तेच, पण मागे बारीक अक्षरात व्हर्जन २, आणि आतली चिप वेगळ्याच कंपनीची. दुकानदाराने बदलून दिले नाहीत. तेव्हा दुकानातच लॅपटॉपला लावा, एलएसयूएसबी टाका आणि अथेरॉस एआर९२७१ दिसलं तरच पैसे द्या. अभ्यासिकेत आता मी असा एक डोंगल ड्रॉवरमध्ये कायम ठेवलाय. फर्मवेअर-ॲथ९के-एचटीसी मशीनवर आधीच टाकून ठेवलं असेल तर तो डेबियनला फर्मवेअर कप्प्याशिवाय चालतो, त्यामुळे टेदरिंगला फोन नसला तरी काम अडत नाही.

डेबियन १३ वर जाणाऱ्यांसाठी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलंय ते. त्यात फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री हे मोठं गाठोडं सोडवून वेगळी पॅकेजं केलीत, मीडियाटेकसाठी फर्मवेअर-मीडियाटेक, इंटेल ग्राफिक्ससाठी फर्मवेअर-इंटेल-ग्राफिक्स अशी. तुमचं वायफाय मीडियाटेकचं असेल तर नुसतं मिस्क आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, बंद करायच्या आधी फर्मवेअर-मीडियाटेक आलंय का ते डीपीकेजी उणे एल टाकून बघा. आणि यादीचा नवीन साचा आला असेल, म्हणजे ज्यात कंपोनंट्स नावाची ओळ असते, तर नॉन-फ्री-फर्मवेअर त्या ओळीत लिहायचं.

आमच्याकडे १४ पैकी १३ झाले. राहिलेला एक ब्रॉडकॉमवाला आहे, त्याला रविवारी सकाळी लॅन केबल लावून बी४३ चं करणार आहे. तुमच्याकडे ठाणे-कळवा-ऐरोली भागात असं मशीन अडकलं असेल तर त्याच दिवशी ११ नंतर घेऊन या. येताना चार्जर आणा, आणि जमलं तर एलएसपीसीआय आणि डीमेसेजच्या स्क्रीनचा फोटो आधीच काढून पाठवा, म्हणजे कुठलं पॅकेज लागणार ते बघून मी पेनड्राइव्हवर घेऊन येईन.